पेट्रा: खजिना बघायला गेलो, पन्हळी बघून आलो

कल्याणकरीण
मार्चच्या पहिल्या आठवड्यात जॉर्डनला जाऊन आलो. दोघंच. मी शाळेतून निवृत्त, आमचे हे एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून. ह्यांचं खातं आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या खात्यामुळे घडलंय.

पेट्राचा तो एक फोटो तुम्हीही पाहिला असेल. अंधारी घळ, तिच्या फटीतून दिसणारं गुलाबी कोरीव काम. मी तेवढ्यासाठीच गेले होते. वादी मूसा गावात मुक्काम केला आणि सकाळी सहाला फाटक उघडल्या उघडल्या आत शिरलो. स्वेटर, त्यावर शाल. वाळवंट म्हणून सुती कपडे भरणाऱ्यांनो, गाव समुद्रसपाटीपासून हजारएक मीटरवर आहे, मार्चमध्ये सकाळी दात वाजतात.

फाटकापासून पाऊणएक किलोमीटर उघड्यावरून चाललं की घळ सुरू होते. तिला तिथे 'सीक' म्हणतात. तिच्या तोंडाशी एक बांध आहे. वादी म्हणजे एरवी कोरडा नाला, पण पाऊस झाला की तोच दरडावत येतो. नबाती लोकांनी, म्हणजे ज्यांनी हे शहर वसवलं त्यांनी, हा नाला सीकच्या तोंडाशी अडवला आणि उजव्या अंगाला ८८ मीटरचा बोगदा खोदून पाणी बाहेरच्या बाहेर वळवलं. दोन हजार वर्षांपूर्वी. लोक घोड्यांचे फोटो काढत होते, आणि हे बोगद्याकडे तोंड करून उभे. मी दोनदा हाक मारली.

पुढे हा बांध ढासळला आणि कुणी लक्ष दिलं नाही. १९६३च्या एप्रिलमध्ये लोंढा सरळ सीकमध्ये घुसला आणि वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक त्यात गेले. आत्ताचा बांध त्यानंतरचा. गाइडने हे सांगितलं तसे आमचे हे गप्प झाले. २६ जुलै २००५ला उल्हास नदी गावात आली तेव्हा हे तीन दिवस घरी नव्हते. त्याबद्दल कधी बोलत नाहीत, तिथेही बोलले नाहीत. बांधाच्या दगडावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, चल.

सीक सव्वा किलोमीटर असेल. कुठे तीन मीटर रुंद, वर आभाळाची नुसती चिंधी. मी वर बघत चालले होते, हे खाली. दोन्ही भिंतींना कमरेच्या आसपास पन्हळ कोरलेली आहे. एका बाजूला कातळातली पन्हळ, दुसऱ्या बाजूला खापराचे नळ, एकात एक बसवलेले आणि सांधे चुन्यानं भरलेले. मधूनमधून पन्हळीत खोलगट खड्डा. मला वाटलं दगड फुटलाय. हे उकिडवे बसले, बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "गाळ बसायला केलंय. पाणी इथे थबकतं, गाळ खाली राहतो, नितळ पुढे जातं." मग सीक संपेपर्यंत असे खड्डे मोजत आले. पाणी यायचं गावाच्या वरच्या आइन मूसा झऱ्यावरून.

वाटेत डाव्या भिंतीवर उंटांचा तांडा कोरलेला आहे. वरचा भाग झिजून गेलाय, उंटांचे पाय आणि पोटं राहिलीत, पुढे चालणाऱ्या माणसाचे पाय आणि झग्याचा घोळ. अगदी खऱ्या मापाचे. त्यांच्या मागूनच पन्हळ जाते. तहानलेल्या तांड्याला आत येताना डोळ्यांसमोर उंट आणि कानात पाण्याचा आवाज!

आणि मग फट उघडते आणि 'खझने', म्हणजे खजिना, दिसतं. उंची चाळीस मीटरच्या घरात, रुंदी पंचवीस. बांधकाम म्हणून काही नाही, सगळं डोंगरात कोरलेलं. त्याच्या माथ्यावर दगडी कलश आहे, त्याला गोळ्यांचे वण. फारोने त्यात खजिना लपवलाय अशी समजूत, म्हणून येणाजाणाऱ्यांनी बंदुका झाडल्या. कलश भरीव दगडाचा. आत रिकाम्या खोल्या, आत जाऊ देत नाहीत. हे थडगं असावं, बहुधा चौथ्या अरेटस राजाचं (इ.स.पू. ९ ते इ.स. ४०). २००३ मध्ये पुढच्या अंगणाखाली थडगी सापडली, २०२४ मध्ये आणखी एक, त्यात बारा सांगाडे.

मी भारावून उभी, आणि हे म्हणाले, "हा बोर्ड आहे. दुकान पुढे आहे."

खरं निघालं ते. बहुतेक गट इथे फोटो काढून एक नाटकगृह बघतात आणि परत फिरतात. शहर त्याच्या पुढे आहे. खांबांचा रस्ता, बाजार, देवळं, आणि 'मोठं देऊळ' म्हणतात त्याच्या शेजारी बाग आणि पोहण्याचा तलाव! ४३ मीटर लांब, २३ रुंद, मधोमध मंडप. वाळवंटात. आता तिथे माती आणि दगडांच्या ओळी आहेत, एकही माणूस थांबत नव्हता. हे तासभर थांबले. तांड्यातला माणूस आठवडेच्या आठवडे वाळू तुडवत यायचा आणि नबात्यांकडे पाणी नुसतं शोभेला. माझ्या मते ह्या शहराची श्रीमंती खझनेत नाही, ती ह्या तलावात दिसते.

फोटो उद्या टाकते. काही विचारायचं असेल तर विचारा.

तिरफळ
ताई, मस्त! "हा बोर्ड आहे, दुकान पुढे आहे" ह्यावर काकांना साष्टांग. दोन प्रश्न. माझ्या आईचं वय ७३ आणि गुडघे बोलतात, जमेल का? आणि शाकाहारी माणसाने काय खायचं?

कल्याणकरीण
@तिरफळ, फाटकापासून कसर अल्-बिंत देवळापर्यंत चारएक किलोमीटर, आणि तेवढंच परत. जाताना उतार, येताना चढ. हेच लोक विसरतात, सकाळी उड्या मारत जातात आणि दुपारी दर दगडावर बसतात. फाटकापासून खझनेपर्यंत बॅटरीच्या गाड्या मिळतात, आईंना त्यातून न्या. पुढचं सपाट आहे, हळूहळू होईल. फक्त 'अद्-दैर'च्या पायऱ्या आईंना नकोत, आठशेच्या वर आहेत. मी चढले, दोन दिवस जिना उतरताना कठड्याला लटकत होते. पण वरचं ते कोरीव काम खझनेपेक्षाही अगडबंब आहे आणि समोर टपरीवर चहा मिळतो. चहात 'मरमिया' घालतात, सेजची पानं. पहिला घोट काढ्यासारखा लागला, तिसऱ्या दिवशी मीच मागून घेतला.

खाण्याचे हाल नाहीत. फलाफल, हमस, फूल (वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ म्हणा), मुजद्दरा म्हणजे मसुराची खिचडी, वर तळलेला कांदा. खबूस, म्हणजे तिथली रोटी, गरम गरम. मी नेलेलं मेतकूट तसंच परत आलं.

एक सावधगिरी. फाटकाबाहेर घोडेवाले "तिकिटातच आहे, फुकट" म्हणतात. तिकिटात आहे हे खरं. पण उतरताना बक्षिशीचा आकडा ऐकून ह्यांचं आणि त्या पोराचं जे काही झालं ते अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या अरबीत झालं. घोड्यावर बसायच्या आधी आकडा ठरवा, नाहीतर चाला.

घाटवाटा
वाचनखूण साठवली. हे वाचताना मला सारखी आपली किल्ल्यांवरची टाकी आठवत होती. कातळात खोदलेली, वरून येणारं पाणी गाळाच्या खळग्यातून. आणि वरून खाली खोदत आणायचं म्हणजे आपलं वेरूळचं कैलास! नबाती आणि आपण एकाच शाळेतले.

अजून एक. नाणेघाट, जुन्नर, कल्याण, सोपारा हा सातवाहनांचा व्यापारी मार्ग त्याच काळातला. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण पाहिला नसेल असा भटक्या इथे नसेल. म्हणजे ताई, तुमच्या कल्याणहून निघालेला माल पेट्राच्या त्या उंटांवर होता, हे लिहून ठेवा.

शंकासुर
धागा उत्तम. @घाटवाटा, लिहून ठेवण्याआधी जरा थांबा.

कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांचं. पेट्राचं काम त्याच्या सातशे वर्षं आधीचं. वरून खाली खोदणं ही युक्ती दोन्हीकडे आहे, पण 'एक शाळा' म्हणायला मधली सातशे वर्षं भरून काढावी लागतील. उंच कड्यावर काम करायचं तर कुणीही वरून सुरू करेल, परांची उभारायचा खर्च वाचतो आणि पडणारा दगड झालेल्या नक्षीवर पडत नाही.

आता मालाचं. पेट्राची मुख्य कमाई दक्षिण अरबस्तानातल्या ऊद-धूपावर आणि बोळावर. येमेन, धोफारकडून तांडे वर गाझा बंदराकडे जायचे, पेट्रा मधल्या नाक्यावर. इ.स.पू. ३१२ मध्ये सिकंदराच्या अँटिगोनस ह्या सरदाराच्या माणसांनी छापा घातला तेव्हा त्यांच्या हाती लागलं ते धूप, बोळ आणि पाचशे टॅलेंट (ग्रीकांचं वजनाचं माप) चांदी. मिरी आणि कापड नंतर आलं असेल, पण कल्याणचा माल पेट्रात उतरल्याची पावती माझ्या पाहण्यात नाही.

'पेरिप्लस' ह्या पहिल्या शतकातल्या ग्रीक नोंदीत दोन्ही गोष्टी आहेत. तांबड्या समुद्रावरच्या ल्युके कोमे बंदरातून पेट्राकडे, नबात्यांचा राजा मालिखस याच्याकडे वाट जाते, आणि त्या बंदरात मालाचा चौथा हिस्सा जकात म्हणून घेणारा अधिकारी बसतो. पंचवीस टक्के! पुढे त्याच नोंदीत कल्याण आहे, पण कल्याणला वाईट दिवस आलेत: तिथे येणारी ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेतात. पैठण आणि तेरचा मालही भडोचलाच जातो. आणि भडोचहून मोठा माल जायचा इजिप्तच्या बंदरांना. तिथल्या बेरेनिके बंदरात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली आहे, सागवानही. ही पावती आहे.

घाटवाटा
@शंकासुर, कैलासचं मान्य, जोशात लिहिलं. पण मग ताईंनी सांगितलेल्या त्या मोठ्या देवळात हत्ती कुठून आले? तिथल्या खांबांच्या माथ्यावर हत्तीची मुंडकी कोरलेली आहेत, आणि ती आशियाई हत्तीची आहेत. वाळवंटात हत्ती कुणी पाहिला?

शंकासुर
हत्तींचा मुद्दा बरोबर. पण सिकंदरानंतरच्या ग्रीक राजांकडे भारतीय हत्तींची पथकं होती, सीरियात तर भरपूर. मूर्तिकाराने हत्ती तिथे पाहिला असेल किंवा कुणी काढलेलं चित्र पाहिलं असेल. पेट्रात हत्ती आहे, त्यावरून कल्याणचा व्यापारी सिद्ध होत नाही.

उलट मजा बघा. मोसमी वारा हेरून गलबतं थेट इजिप्त आणि भारतात ये-जा करू लागली, त्याने उंटांच्या वाटेवरचा धंदा कमी झाला असं बरेच अभ्यासक म्हणतात. तसं असेल तर कल्याण-भडोच पेट्राचे गिऱ्हाईक नाहीत, त्याच्या पोटावर पाय आणणारे आहेत. पण इथेही गोम आहे: खझने उभं राहिलं ते ह्याच काळात, समुद्री व्यापार जोरात असताना. धंदा बसलेला माणूस असा बोर्ड लावत नाही.

कल्याणकरीण
कल्याणकर म्हणून आता मला अपराधी वाटतंय :) हत्ती आम्ही फाटकाजवळच्या संग्रहालयात नीट पाहिला. २०१९चं नवं संग्रहालय आहे, बघायला विसरू नका. सोंड तुटलीय, पण डोळ्याच्या कडेची सुरकुती अगदी खरी. हे म्हणाले, ज्याने हे कोरलं त्याने हत्ती जवळून पाहिलाय. म्हणजे @शंकासुर, हे तुमच्या अर्ध्या बाजूचे.

सुईण_आजी
मी वाचते, लिहीत नाही फारशी. बोळ म्हणजे आपला हिराबोळ ना? बाळंतिणीला देतात तो? माझ्या सासूबाई गुळात गोळी करून द्यायच्या, कडूजहर. आणि ऊद म्हणजे लोबान, बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरी द्यायला. एवढ्याशा पुडीसाठी एवढं शहर उभं राहिलं?

मोडीवाचक
हो आजी, तोच हिराबोळ. तिकडे मुडद्याला लावायला, देवापुढे जाळायला, औषधाला, तिन्हीला लागायचा. हलका, महाग आणि नासत नाही, उंटावर घालायला ह्याहून चांगला माल नाही.

ताई, तिथल्या देवांबद्दल काहीच लिहिलं नाहीत. नबात्यांचा मुख्य देव दुशारा, आणि त्याला बहुधा चेहरा नाही. नुसता उभा चौकोनी दगड, कोनाड्यात बसवलेला. सीकमध्ये असे कोनाडे असतील तुम्ही पाहिलेले. आपल्याकडच्या तांदळ्याची आठवण येते. अरेटसच्या काळात ग्रीक पद्धतीच्या मूर्ती कोरायची हातोटी असूनही देवासाठी दगडच ठेवला.

कल्याणकरीण
@मोडीवाचक, पाहिले! एका दगडाला दोन चौकोनी डोळे आणि सरळ नाक होतं, बाकी काही नाही. मला तर गावच्या वेशीवरचा म्हसोबाच वाटला. शेंदूर तेवढा नव्हता.

रियाधी_राजाभाऊ
मी वीस वर्षं सौदीत. पेट्रा पाहणाऱ्यांनी पुढची पायरी म्हणून अल्-उलाजवळचं हेगरा (मदाइन सालेह) पाहावं. नबात्यांचंच दक्षिणेचं शहर. १११ थडगी, त्यातली ९४ नक्षीची. २०१९ पासून पर्यटक व्हिसा मिळू लागला, त्याआधी आमच्यासारखे इकामावालेच (तिथे राहण्याचा परवाना असलेले) वेगळा परवाना काढून जायचे.

तिथे गर्दी पेट्राच्या मानाने नगण्य. 'कसर अल्-फरीद' नावाचं एकटं थडगं वाळूत उभ्या असलेल्या एका शिळेत कोरलंय, वरचा भाग तासून गुळगुळीत, खाली छिन्नीचे घाव तसेच. काम अर्धवट सुटलंय. वरून खाली कसं खोदत आणायचे ते दगडातच दिसतं, कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि पेट्रात क्वचितच दिसते ती गोष्ट म्हणजे दारावरचे लेख. हे थडगं कुणाचं, कुणाकुणाला इथे पुरायचं, कोणी कोरलं, कोणत्या राजाच्या कोणत्या वर्षी, सगळं. कित्येक थडगी बायकांच्या नावावर आहेत. एका लेखात कमकम नावाच्या बाईने स्वतःसाठी आणि मुलीसाठी करवलंय. हे थडगं जो विकेल, विकत घेईल, गहाण टाकेल, भाड्याने देईल, त्याला दुशाराचा शाप, आणि वर हजार नाण्यांचा दंड. आमच्याबरोबरचा एक जण म्हणाला, हा तर सातबारा!

मोडीवाचक
राजाभाऊ, सातबाऱ्यापेक्षा गधेगाळ! शिलाहारांच्या काळातले कोकणातले दगड आठवा. दान दिलेल्या जमिनीला कुणी हात लावला तर त्याला शाप, आणि शब्द कमी पडू नयेत म्हणून खाली गाढवाचं चित्र. हजारएक वर्षांचं अंतर आहे, आपसात काही संबंध नाही (शंकासुर, रागावू नका), पण जमीन लुबाडणाऱ्याची धास्ती दोन्हीकडे सारखी. नबात्यांनी नुसता देवावर भरवसा ठेवला नाही, दंडही लावला, हे मला आवडलं.

शंकासुर
रागावलो नाही. "काही संबंध नाही" असं स्वतःहून लिहिणारा माणूस इथे पहिल्यांदा भेटला.

तिरफळ
अवांतर: शहर ओस कसं पडलं मग? भूकंप का?

कल्याणकरीण
गाइडने सांगितलेलं आणि नंतर वाचलेलं सांगते. १०६ मध्ये रोमनांनी राज्य खालसा केलं आणि कारभार उत्तरेला बोस्राला गेला. तांड्यांची वाट हळूहळू सीरियातल्या पाल्मिराकडे सरकली. ३६३ मध्ये मोठा भूकंप झाला. पण त्या दिवशी दिवा विझला असं नाही. एका चर्चच्या खोलीत १९९३ मध्ये जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या १४० गुंडाळ्या सापडल्या, सहाव्या शतकातल्या. वाचल्या तर घरदार, कर, वाटण्या, हुंडा. म्हणजे भावकीची भांडणं चालू होती, माणसं राहत होती. मग बाहेरच्या जगाला विसर पडला. १८१२ मध्ये बुर्कहार्ट हा स्विस माणूस 'शेख इब्राहिम' बनून आला, जबल हारून डोंगरावर बकरा कापायचा नवस आहे अशी थाप मारून. तिथले बेदू (भटके अरब) मात्र आधीपासून तिथेच होते, १९८५च्या आसपास, पेट्रा युनेस्कोच्या यादीत आलं त्या सुमारास, त्यांना वरच्या गावात हलवलं. आम्हाला चहा देणाऱ्या बाईचा जन्म गुहेतला. नव्या घरात नळ आहे, उन्हाळ्यात गरम होतं, म्हणाली.

ह्यांचं मत वेगळं. भूकंपात नळांचे सांधे निखळले, दुरुस्तीला पैसा नाही, माणूस नाही, खड्ड्यातला गाळ कुणी उपसला नाही, संपलं. पुराव्याबद्दल @शंकासुर ह्यांनी विचारू नये, ह्यांच्याकडे तीस वर्षांच्या तक्रारवहीशिवाय पुरावा नाही.

शंकासुर
ह्यावेळी मी काकांच्या बाजूने. तक्रारवही हा पुरावाच आहे.

रियाधी_राजाभाऊ
खर्चाचं कुणी विचारलं नाही म्हणून मीच विचारतो. माझा भाऊ पुण्याहून जाणार आहे.

कल्याणकरीण
पेट्राचं एक दिवसाचं तिकीट ५० दिनार, दोन दिवसांचं ५५, तीनचं ६०. म्हणजे दुसऱ्या दिवसाला फक्त पाच दिनार जास्त. एका दिवसात उरकणाऱ्यांनी हा हिशोब बघावा. आम्ही जॉर्डन पास काढला, दोन दिवस पेट्रा धरून ७५ दिनार. देशात तीन रात्री राहिलं तर व्हिसाची ४० दिनार फी त्यात माफ होते, शिवाय जेराश वगैरे इतर ठिकाणंही त्यातच. निघण्यापूर्वी दर परत तपासा. मुलं पोस्टकार्डं विकायला मागे लागतात, त्यांच्याकडून घेऊ नका असे फलक जागोजागी आहेत, कारण शाळा बुडते. जीव तुटतो, पण नाही घेतलं.

घाटवाटा
ताई, फोटो? आणि बूट कुठले घातले होतेत?

कल्याणकरीण
बूट नेहमीचेच, चालायला जाते ते. तळव्याला खाचा हव्यात, सीकमधला जुना फरसबंद दगड घासून गुळगुळीत झालाय.

फोटोंचं काय सांगू. कॅमेरा ह्यांच्याकडे होता. खझनेसमोरचा माझा एकमेव फोटो आहे त्यात वरचा कलश कापलाय, दोन खांब अर्धे आलेत, आणि माझ्या पायाशी मात्र गाळाचा खड्डा अगदी स्पष्ट. शेजारी मापाला म्हणून ह्यांचा चष्मा ठेवलेला. तोच टाकते.